चिनूचा उशिरा आलेला ताप

८ मे २०२१, शनिवार

घरातले नमुने आज मीच मशीनवर लावले. आई पॉझिटिव्ह, सुहास पॉझिटिव्ह, त्याची बायको मंजिरी पॉझिटिव्ह, त्यांची चिनू पॉझिटिव्ह. मी एकटी निगेटिव्ह. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते म्हणून दोन्ही डोस आधी मिळाले, त्याचा हा उपयोग.

सुहास, माझा धाकटा भाऊ, फोनवर म्हणाला, "अक्का, पोरीचं नक्की तपासलंस ना? ती तर हॉलमध्ये दोरीच्या उड्या मारतेय."

परत लावलं. तेच. उलट चिनूचा सीटी आकडा घरात सगळ्यांत कमी, म्हणजे विषाणू सगळ्यांत जास्त तिच्याच नाकात. त्रास काय, तर नाक गळतंय आणि काल अर्धा दिवस कणकण. आठ वर्षांची पोर. आणि अडुसष्टची आई पलंगावर बसून श्वास मोजतेय. एकाच घरातला, एकाच आठवड्यातला विषाणू.

आईचा ऑक्सिजन ९१. उद्या बेड बघायला हवा.

११ मे, मंगळ.

आई काल दाखल. आमच्याच हॉस्पिटलमध्ये जागा मिळाली हे नशीब. मास्क लावून पडली आहे. मला बघून म्हणाली, "सुम्ने उगाच का उभी आहेस, कामाला जा." कन्नड मिसळून रागावली, म्हणजे बरी आहे.

दुपारी डब्याच्या वेळी मॅडमना (आमच्या पॅथॉलॉजिस्ट) चिनूचं विचारलं. इतका विषाणू, आणि पोर खेळतेय, हे कसं. मॅडम म्हणाल्या, मुलांच्या नाकातल्या पेशी आधीपासूनच सावध असतात. विषाणू शिरल्या शिरल्या इंटरफेरॉन सोडतात, आजूबाजूच्या पेशींना कळवतात. मोठ्यांत तेच व्हायला उशीर होतो, तेवढ्यात विषाणू खाली छातीत उतरतो. "सगळं कळलंय असं नाही हं," हेही म्हणाल्या. त्या नेहमी असं म्हणतात, म्हणून त्यांचं खरं वाटतं.

एकोणीस वर्षं रक्तच बघतेय. मुलाच्या नाकात एवढं काही चालत असेल असा विचार कधी केला नव्हता.

१९ मे, बुध.

आई घरी आली. सहा पावलं चालली की बसते. पण आली.

चिनू दाराच्या चौकटीत उभी. आत येईना. मी म्हटलं, जा की अज्जीजवळ, आता चालतं. तर मला ओढून मागच्या खोलीत नेलं आणि हळूच विचारलं, "आत्या, अज्जीला माझ्यामुळे झालं का? मम्मा फोनवर सांगत होती, माझ्यात कोरोना सगळ्यांत जास्त होता."

मी म्हटलं, कुणाकडून कुणाला ते कुणालाच कळत नाही. पप्पा बेळगोळच्या फॅक्टरीत जात होते, मी हॉस्पिटलमध्ये, अज्जी स्वतः भाजी आणायला. कुणीही असेल.

"पण मीही असेन."

खोटं बोलता आलं नाही. "तूही असशील," म्हटलं, "आणि त्यात तुझी चूक नाही."

माझा हात सोडला तिने. मग जाऊन आईच्या पायाशी बसली. आईने तिचे केस विस्कटले. आईला कुणी काही सांगितलं नव्हतं.

२ जून, बुध.

विशेष काही नाही. चौकात अजून पोलीस. लॅबमध्ये नमुने कमी होताहेत. आई स्वयंपाकघरापर्यंत येऊन मंजिरीच्या आमटीत चिंच कमी पडली म्हणून सांगून गेली. मंजिरी साताऱ्याची, ती गूळ घालते. भांडणं परत सुरू झाली, बरं वाटलं.

६ जून, रवि.

चिनूला ताप. १०१. पोटात दुखतंय म्हणते. काल दुपारी दोन आंबे खाल्ले होते. पॅरासिटामॉल दिलं.

७ जून, सोम.

ताप १०२.५. गोळीने उतरतो, परत चढतो. दोनदा उलटी. मंजिरी म्हणाली, डोळे लाल दिसतात, पोटावर पुरळ आहे. मी मोबाईलच्या उजेडात बघितलं. डोळे थोडे लाल होते. मी म्हटलं, उष्णतेचं असेल, रडली पण आहे. कोविड तर महिन्यापूर्वी होऊन गेला. उद्यापर्यंत बघू.

मंजिरी म्हणाली, "ताई, मला हा ताप वेगळा वाटतो."

मी म्हटलं, रोज शंभर ताप बघते गं मी.

हे वाक्य इथे लिहून ठेवते आहे.

८ जून, मंगळ.

सकाळी मंजिरीने ऐकलंच नाही. "रक्त घ्या. काही निघालं नाही तर मी गप्प बसेन." चिनूचा हात थंड होता, अंग तापलेलं. नेहमी सुई बघून घर डोक्यावर घेणारी पोर, आज हात पुढे करून पडून राहिली.

नमुना स्वतः लावला. सीआरपी, म्हणजे अंगातल्या सुजेचा आकडा, रेंजच्या बाहेर. वाटलं माझाच हात चुकला. पातळ करून परत लावला. तरी आकडा तेवढाच मोठा. प्लेटलेट कमी. लिम्फोसाइट कमी. नाकाचा स्वॅब निगेटिव्ह, अँटिबॉडी भरपूर.

मॅडमनी कागद बघितला आणि लगेच मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉ. प्रसन्न. ते म्हणाले, आत्ता घेऊन या.

सुहासने गाडी कशी चालवली त्याला आठवत नाही. चिनूचं बीपी फार खाली. मुलांच्या आयसीयूत घेतलं. एकालाच आत सोडतात. मंजिरी गेली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुम्ही लॅबच्या आहात, म्हणून मी काल गप्प बसले."

रागाने नाही म्हणाली. त्यामुळे जास्त लागलं.

९ जून, बुध.

डॉ. प्रसन्न यांनी कॉरिडॉरमध्ये सुहासला आणि मला समजावलं. कन्नडमध्ये, सावकाश. विषाणू केव्हाच गेला. त्याच्याशी चिनूच्या शरीराने चांगला मुकाबला केला. पण काही थोड्या मुलांत, तीन-चार-पाच आठवड्यांनी, प्रतिकारशक्ती परत उसळते, विषाणू नसताना. सगळीकडे सूज येते. पोट, त्वचा, डोळे, हृदय. एवढ्या मुलांतून हिलाच का, ते कुणाला सांगता येत नाही. नाव मिस-सी.

सुहासने विचारलं, हृदय म्हणजे?

इको केला आहे म्हणाले. जोर कमी झालाय, औषध चालू आहे.

सुहास भिंतीला टेकला. लहानपणी मंडी मोहल्ल्यात माझा हात सुटून हरवला होता, तेव्हाचा चेहरा.

घरी आईला काय सांगायचं. "ताप आहे, सलाईन लावलंय." आई म्हणाली, "मला वेडी समजता काय."

१० जून, गुरु.

रक्त घ्यायला आत जाता आलं. चिनूने नर्सला सांगितलं होतं, "बेडा, नको. आत्याच टोचेल." अंगावर किट, तोंडावर शील्ड, तरी तिने ओळखलं. चालण्यावरून म्हणे.

इम्युनोग्लोब्युलिनची बाटली लावलेली, थेंब थेंब. तिने विचारलं हे काय. मी सांगितलं, खूप माणसांनी रक्त दिलं, त्यातून हे काढतात. हजारो माणसं.

"मला ओळखतात ती?"

नाही.

मग म्हणाली, "डॉक्टर म्हणाले माझे सैनिक भांडतायत. पण कोरोना तर गेला ना? मग आता कुणाशी भांडतायत?"

"कुणाशीच नाही गं. थांबायचं कळेना त्यांना."

"मग त्यांना कोण सांगणार?"

मी बाटलीकडे बोट दाखवलं. तिने मान वळवून बाटलीकडे बराच वेळ बघितलं. ओठ फुटलेले. मी नळी भरली.

मंजिरी बाजूच्या स्टुलावर. दोन दिवस तिथेच बसून आहे. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, ग्लोव्हसकट. तिने काढला नाही.

११ जून

ताप १०१. बीपीचं औषध चालूच. सीआरपी कालपेक्षा खाली. किती ते लिहीत नाही. खाली आहे.

१२ जून, शनि.

सकाळपासून ताप नाही. दुपारपर्यंत नाही. मंजिरीचा मेसेज: "इडली मागतेय." मी मशीनसमोर उभी राहून रडले. मॅडम आल्या, बघितलं, आणि माझ्या वाट्याचे नमुने स्वतः लावायला लागल्या.

१३ जून, रवि.

बीपीचं औषध बंद केलं. वॉर्डात हलवली. डॉक्टरांनी आजाराचं नाव चिनूलाही सांगितलं, तर ती म्हणते, "मिस सी? आमच्या शाळेत फक्त मिस आर आहेत."

मंजिरीला म्हटलं, सोमवारी मी तुझं ऐकायला हवं होतं. ती म्हणाली, "एका दिवसाने काय झालं असतं ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. पण पुढच्या वेळी ऐका." मग डबा उघडून अर्धी पोळी माझ्या हातात दिली. एवढंच.

१७ जून, गुरु.

घरी. वजन उतरलंय, गाल गेले, बोटांच्या टोकांची कातडी निघतेय. आईने दृष्ट काढली. मी विज्ञानवाली, पण आज मीठ-मोहऱ्या मीच आणून दिल्या.

आई तिच्याशेजारी पडून होती. दोघी बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र आलटून पालटून लावत होत्या. "अज्जी ९६, मी ९८, मी जिंकले." आई म्हणाली, "स्वल्प थांब, जरा चालून येते, मग बघ."

१ जुलै, गुरु.

दोन आठवड्यांचा इको. हृदयाचा जोर पूर्ववत. पण हृदयाची डावी रक्तवाहिनी, कॉरोनरी, किंचित रुंद. किंचित. हा शब्द सुहासने गाडीत चार वेळा उच्चारला. अॅस्पिरिन रोज, छोटी गोळी. पळायचं नाही, उड्या नाहीत, सायकल नाही.

आठ वर्षांच्या मुलीला पळू नको सांगणं. दिवसभर "हळू", "हळू गं", "अगं हळू". चिनू वैतागून म्हणाली, "मी बसलेलीच आहे."

२७ जुलै, मंगळ.

परवा मेडिकल कॉलेजमधून एक डॉक्टर बाई आल्या होत्या. मिस-सी होऊन गेलेल्या मुलांचा अभ्यास करताहेत. सहा महिने, काही वेळा रक्त. कोणत्या पेशी अजून जाग्या आहेत, कोणत्या शांत झाल्या, ते बघणार.

मंजिरी सरळ नाही म्हणाली. "किती टोचायचं तिला?" मला आतून वाटत होतं, द्यावं. मग माझी मलाच लाज वाटली. हे तिच्यासाठी वाटतंय की मला जाणून घ्यायचंय म्हणून? दोन्ही असावं. या घरात मत द्यायचा माझा हक्क जूनमध्ये थोडा कमी झाला, ते बरोबर आहे.

चिनू तिथेच चित्र रंगवत होती. विचारलं, "मला का झालं ते त्यांना माहीत आहे?"

नाही, मंजिरी म्हणाली.

"मग बघू दे की त्यांना."

मंजिरीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, ना हो, ना नाही. चिनूने अटी घातल्या. एक, आत्या टोचेल. दोन, मला माझं रक्त दाखवायचं. मंजिरी म्हणाली, विचार करून सांगते. आज सकाळी फॉर्मवर सही केली आणि लगेच कणीक मळायला गेली.

३ ऑगस्ट, मंगळ.

अट पाळली. मॅडमनी परवानगी दिली. चिनू उंच स्टुलावर, मायक्रोस्कोपला दोन्ही डोळे एकदम लावायला बघते, जमत नाही, मग एकच. लाल पेशींची गर्दी. मी स्लाइड सरकवत एक लिम्फोसाइट शोधून दाखवली, तिच्या सैनिकांपैकी एक. जांभळी, गोल.

"एवढेच असतात?"

लाल खूप, हे थोडे, मी म्हटलं.

"एवढ्याशांनी एवढं केलं?"

मॅडम हसल्या. मग चिनूने डोळा न काढता विचारलं, "ही मे महिन्यातली आहे की नवीन?" मी मॅडमकडे बघितलं. त्या म्हणाल्या, काही पेशी फार वर्षं जगतात आणि आठवण ठेवतात, काही आठवड्यात जातात. ही कोणती ते नुसतं बघून सांगता येत नाही.

परत येताना रिक्षात चिनू झोपली. माझ्या मांडीवर डोकं. मला मूल नाही, त्याचं आता फारसं काही वाटत नाही. पण डोक्याचं ते वजन.

२१ ऑक्टो., गुरु.

इको नॉर्मल. कॉरोनरी नॉर्मल. अॅस्पिरिन तर आधीच थांबली होती. डॉ. प्रसन्न चिनूला म्हणाले, पळ.

ती हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये पळाली. गेटपर्यंत आणि परत. मंजिरी तोंडावर हात ठेवून उभी. सुहासने व्हिडिओ काढला, त्यात नुसता त्याचा अंगठा आला.

१८ जाने. २०२२, मंगळ.

नवी लाट. लॅबमध्ये ढीग. आज त्यात आमच्याच घरचे दोन. सुहास पॉझिटिव्ह. चिनू पॉझिटिव्ह.

घसा दुखतोय, १००. अजून काही नाही. लहान मुलांची लस अजून आलेली नाही. डॉ. प्रसन्नना फोन केला. ते म्हणाले, एकदा मिस-सी झालेल्या मुलांना दुसऱ्या वेळी बहुतेक काही होत नाही असं दिसतंय. मी म्हटलं, बहुतेक? म्हणाले, "तुम्ही लॅबमध्ये आहात, तुम्हाला मी खोटा धीर देणार नाही. आज नाही, पुढचे सहा आठवडे लक्ष ठेवा."

मंजिरीने कॅलेंडरवर काही खूण केली नाही. मी पण नाही. दोघींना तारखा पाठ आहेत.

२१ जाने., शुक्र.

चिनू बरी. सुहास खोकतोय. आई या वेळी निगेटिव्ह, बूस्टरसाठी नंबर कधी येतो म्हणून विचारतेय. चिनू आपल्या खोलीच्या दारातून ओरडून सांगते, "अज्जी, या वेळी मी देणार नाही तुला." आई म्हणते, "दे गं, एकटी काय करू इथे." मंजिरीने दोघींना दटावलं.

३० जाने., रवि.

बारा दिवस. ठीक.

चिनू रात्री झोपताना कपाळ पुढे करते, बघा म्हणून. आम्ही काही सांगितलेलं नाही. तिला कळतं. आज म्हणाली, "माझ्या सैनिकांना आता थांबायचं कळलं असेल ना? एकदा शिकले की." मी म्हटलं, वाटतं तसं. "वाटतं की माहीत आहे?" वाटतं, म्हटलं. चालेल, म्हणाली.

६ फेब्रु., रवि.

एकोणीस दिवस. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टर बाईंचा फोन आला होता, अभ्यासाचा शेवटचा नमुना बाकी आहे. म्हणाल्या, जानेवारीच्या संसर्गानंतरचा नमुना मिळाला तर फार उपयोग होईल. आवाजात संकोच होता. मी चिनूलाच विचारलं. ती म्हणाली, अभ्यास झाला की त्या सांगतील का मला? मी तसं कळवलं. त्या म्हणाल्या, तिला स्वतः येऊन सांगेन, जेवढं कळलं असेल तेवढं.

१३ फेब्रु., रवि.

सव्वीस दिवस.

दुपारी चिनू शेजारच्या मुलींबरोबर गच्चीवर होती. खाली आली ती तोंड लाल करून. मंजिरीने हात लावला, मग मी. थर्मामीटर ९९.४. उन्हातून आली आहे. डोळे पांढरे आहेत. पोट ठीक म्हणते. पोटावर, पाठीवर काही नाही. तळवे बघितले. मग मंजिरी म्हणाली, जीभ दाखव.

जीभ लालभडक.

डॉक्टरांनी दिलेल्या लक्षणांच्या यादीत लाल जीभ आहे. मंजिरीने माझा हात धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली.

"बर्फाची लाल कांडी खाल्ली मी," चिनू म्हणाली. "सगळ्यांनी खाल्ली. बघा त्यांच्या जिभा."

सुहास लगेच शेजारी गेला. त्या मुलींचं दार बंद, सगळे देवळात गेलेत. परत येऊन पायरीवर बसून राहिला आहे.

चिनूला चूळ भरायला लावली. पाण्यात थोडा रंग उतरला. जीभ अजून लाल. आधीपेक्षा कमी वाटते मला. मंजिरीला तेवढीच वाटते. या वेळी मी तिचं ऐकलं. डॉ. प्रसन्नना फोन केला. म्हणाले, तासाभराने सावलीत बसवून परत ताप बघा, शंभरच्या वर गेला तर घेऊन या, मी आहे.

आत्ता पाच वाजून पंचवीस, तास होत आला. लागलंच तर म्हणून रक्ताच्या नळीवर चिनूचं नाव आणि आजची तारीख घालून ठेवली आहे. नळी रिकामीच आहे. आई आत तिला कवड्या खेळायला शिकवतेय, दोघींचं हसणं ऐकू येतंय. चिनू हरली की फसवते, आई बघून न बघितल्यासारखं करते.

मंजिरी थर्मामीटर घेऊन आत गेली आहे. हसणं थांबलं. तोंडात धरलं असेल.

बीप वाजली.